बिननाडीचे बूट

थांबा, तो लॅपटॉप आधी मिटवा. भांडायचं तर तोंडानं भांडा ना. बास्केटबॉलमधला आजवरचा सगळ्यात भारी खेळाडू कोण, जुना का नवा, उंचपुरा का चपळ, मेस बंद होईपर्यंत भांडा, मी पण भांडते. पण ते ऑल-टाइम सॉफ्टवेअर माझ्यासमोर उघडू नका. हसता काय बे? खरंच सांगून राहिली. बरं, ऐका मग, आणि मध्ये मध्ये बोलू नका, नाहीतर मी गडबडते.

नागपूरचं आमचं चौफेर क्रीडा मंडळ तुम्ही पाहिलेलं नाही. पाहण्यासारखं काही नाहीच. सिमेंटचं एक कोर्ट, एका कोपऱ्यावर वाकलेला कडुनिंब आणि बाजूला पायऱ्या. त्या पायऱ्यांवर आत्ता तुमचं चाललंय तेच भांडण माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. मंडळाचा आजवरचा सगळ्यात भारी खेळाडू कोण?

म्हाताऱ्यांचं उत्तर ठरलेलं. बाळाभाऊ रामटेके. ऐंशीच्या दशकातले. आम्ही म्हणायचो, काका, तेव्हा आपल्या मैदानावर तीन गुणांची रेषा तरी आखली होती का? त्यावर वासूकाका म्हणायचे, "रेषा नोयती म्हणून तर दोनच भेटत होते. तुमच्यासारखी रेषा असती ना, तर बाळ्यानं तुमच्या बापाले पण गुंडाळलं असतं." वासूकाका पराते म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. बाळाभाऊंच्या शेजारी खेळलेले, आता गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत.

आणि आमचं, म्हणजे नव्यांचं उत्तर होतं निनाद. निनाद रामटेके. हो, बाळाभाऊंचाच नातू. मजा बघा, आजोबा विरुद्ध नातू, आणि भांडणारे आम्ही. निनाद बाजूला बसून संत्री सोलायचा आणि म्हणायचा, "माझ्या घरातच राहणार ना कप, मग भांडा." निनाद आणि मी चौथीपासून एकत्र खेळलो. त्याचा पास कुठे येणार हे मला न बघता कळायचं. एवढंच सांगते, बाकीचं तुम्ही समजून घ्या.

बाळाभाऊ तरुणपणीच गेले. कोर्टावरच. ऊन लागलं म्हणे. त्यानंतर निनादच्या आजीनं निनादच्या बाबांना कधी मैदानावर पाऊल ठेवू दिलं नाही. निनाद मात्र तिच्या हातून सुटला.

आता आमच्या मंडळाची एक खोड सांगते, कारण सगळं तिथेच अडकलंय. दर संक्रांतीला आमचा मानाचा सामना असतो. त्यात बदली खेळाडू नसतो. जे पाच सुरू करतात, तेच पाच संपवतात. मंडळ सुरू झालं तेव्हा पाचच पोट्टे होते आणि पाचांनीच कुठल्यातरी मोठ्या क्लबला हरवलं होतं, तेव्हापासून. रक्त आलं तर पट्टी बांधून आत. कोणी दमून बाहेर बसला की पायऱ्यांवरून सगळे ओरडतात, "बसला रे बसलाऽऽ!" आणि पुढच्या संक्रांतीला तो न खेळता सगळ्यांना तर्री-पोहे वाढतो. हसू नका. आमच्याकडे वाढपी होण्यापेक्षा पाय मोडलेला बरा असं मानणारे लोक आहेत.

तर गेल्या दिवाळीत ऑल-टाइम आलं. तुम्ही वापरलंय, पण ते आत काय करतं माहिती आहे? व्हिडिओत माणूस फक्त बाहेरून दिसतो, बरोबर? पण थांबल्यावर त्याचे खांदे किती वेळ वरखाली होतात, दुसऱ्या धावेत पहिलं पाऊल किती आखूड पडतं, उडी मारल्यावर मान कधी सैल सुटते, हे सगळं आतल्या यंत्रावरून ठरतं. ऑल-टाइम काय करतं, हजारो खोटी शरीरं बनवतं. याला एवढं फुप्फुस, एवढी मांडी, एवढं रक्त ढकलणारं हृदय. मग प्रत्येकाला पळवून बघतं. ज्याची चाल व्हिडिओतल्या माणसाशी तंतोतंत जुळते तेच ठेवतं, बाकीची पुसून टाकतं. घरात बसून आवाजावरून आपण नाही का ओळखत, बाबांची गाडी चढावर आली आणि क्लच गेलाय? गाडी न उघडता? तसंच. फक्त हे माणसाचं ऐकतं.

मग त्या शरीरांना एका कोर्टावर सोडायचं. सगळ्यांना सारखे बूट, सारखी हवा, सारखे नियम. जुना-नवा वाद खल्लास! निदान जाहिरातीत तरी तसं होतं.

बाळाभाऊंची एक कॅसेट वासूकाकांकडे होती. लग्नाची शूटिंग करणाऱ्या फोटोग्राफरनं काढलेली, त्यामुळे दर थोड्या वेळानं स्क्रीनवर गुलाब उमलतो आणि गुलाबातून बाळाभाऊ उडी मारताना बाहेर येतात. आम्ही लोळून हसलो. पण खेळ पाहिला आणि उठून बसलो. काय माणूस होता यार! हवेत गेल्यावर खाली यायचं विसरायचा.

कॅसेट टाकली. एकीकडे बाळाभाऊंचा जुना संघ, दुसरीकडे आमच्या व्हिडिओंवरून आम्ही, आणि कोर्टही आमचंच भरलं. आणि आमच्या मानाच्या सामन्याचा नियम म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन बदली खेळाडू शून्य केले. हे नीट ऐका. कोणी दमलं की ऑल-टाइमचा कोच त्याला आपोआप बाहेर घेतो. जगभर सगळे तसंच खेळवतात. शून्य कोण करणार? आमच्यासारखे येडेच.

मंडळाच्या खोलीत पडदा लावला. संध्याकाळची वेळ, पायऱ्यांवरची सगळी जनता आत. बाळाभाऊंनी पहिल्या दोन क्वार्टरमध्ये आम्हाला झोडपलं, अक्षरशः. मला तर दोनदा चकवून गेले. वासूकाका टाळ्या पिटून राहिले होते. मध्यंतर झालं. तिसरा क्वार्टर अर्धा झाला आणि धावता धावता बाळाभाऊ थांबले. कडुनिंबाच्या कोपऱ्यात. डावा गुडघा टेकला, उजवा हात बुटाकडे नेला, नाडी बांधतात तसा. आणि तसेच राहिले. सामना चालू, चेंडू त्यांच्या डोक्यावरून जातोय, आणि हे वाकलेले.

"हँग झालं बे!" ओजस ओरडला. ओजस म्हणजे आमचा सेंटर, उंची ताडाएवढी, डोकं त्या मानानं कमी. "बसला रे बसलाऽऽ! बाळाभाऊ बसले! पोहे वाढा आता!"

सगळे हसले. मी पण हसले. आणि मागे खुर्ची पडल्याचा आवाज आला.

वासूकाका उभे होते. भिंतीला धरून. मी म्हटलं, "काका, बग आहे तो, मी पुन्हा लावते."

"तुले हे कोणी सांगितलं?"

"काय कोणी सांगितलं?"

"त्या दिवशी असाच वाकला होता तो. त्याच कोपऱ्यात. आमाले वाटलं नाडी बांधून राहिला." काकांचा आवाज पार बारीक झाला होता. "आमी ओरडलो, ऊठ बे बाळ्या, नाडी मग बांध. तो उठलाच नाही. हे कोणत्या फोटोत नाही, कोणत्या पेपरात नाही, पोरी. तुया मशीनले कसं माहीत?"

कॅसेट त्या दिवसाच्या दोन वर्षं आधीची होती.

समजलं का तुम्हाला? त्या मशीनला बाळाभाऊ मेले हेच माहीत नव्हतं. त्याला फक्त त्यांची चाल माहीत होती. त्या चालीला जुळणारं हृदय त्यानं शोधलं, आणि ते हृदय विश्रांती न देता पळवलं तर कुठे थांबतं ते दाखवलं. बस. ऊन लागलंच नव्हतं कोणाला.

 पण खरं तर पुढेच होतं. स्क्रीन चालूच होता ना. आम्ही सगळे काकांकडे बघत होतो आणि ओजस म्हणाला, "अबे, हे काय?"

निनाद पण वाकला होता. स्क्रीनवरचा निनाद. चौथा क्वार्टर सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. डावा गुडघा टेकलेला, उजवा हात बुटाकडे.

 आणि खरा निनाद, हातात अर्धं सोललेलं संत्रं, खदखदून हसला. पाय उचलून टेबलावर ठेवला. "बघा रे, माझ्या बुटाला नाडीच नाही! बटण दाबलं की आवळतो. कशाची नाडी बांधून राहिलो मी?" सगळे सुटल्यासारखे हसले. आजोबांचं मॉडेल नातवात मिसळलं, आडनाव सारखं ना, सॉफ्टवेअर गंडलं, असं ठरलं आणि सगळे पोहे खायला गेले.

मी नाही गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून घरी बसले. निनादचे याच वर्षीचे व्हिडिओ घेतले. नाव टाकलं 'भोपळा'. आडनाव नाही, आजोबा नाही, काही नाही. बदली शून्य. भोपळा वाकला. पुन्हा लावलं. भोपळा वाकला. मग ओजसला टाकलं, मला टाकलं, सगळ्या पोट्ट्यांना एकेक करून टाकलं. आम्ही धापा टाकल्या, रांगलो, ओजस तर चक्क आडवा झाला, पण तसं कोणी वाकलं नाही. पुन्हा भोपळा. दर वेळी थोडा पुढे, थोडा मागे, पण वाकायचाच. आई चहा घेऊन आली तर मी किंचाळले. तिला वाटलं पाल दिसली.

निनादला मैदानावर गाठलं आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला.

"भोपळा? तू मला भोपळा म्हणून टाकलं?"

"निनाद, हृदयाची भिंत जाड असते काही जणांची. मी वाचलं. घराण्यात येते. बसल्या जागी काही होत नाही, खूप पळलं की..."

"झालीस का डॉक्टर?"

"तू दाखव ना एकदा. माझ्यासाठी दाखव."

गेला बिचारा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. डॉक्टरनं नळी लावली, बीपी बघितलं, म्हणाला खेळाडूचं हृदय आहे, घोडा आहेस घोडा. मी म्हटलं सोनोग्राफी होते ना हृदयाची, ती कर. तेव्हा निनादचा आवाज बदलला. म्हणाला, "जुई, पायऱ्यांवर काय बोलून राहिले लोक माहिती आहे? बाळाभाऊचा नातू मानाच्या सामन्याला घाबरला. आजोबा कोर्टावर मेला आणि नातू दवाखान्यात लपला. तुला कॅप्टन व्हायचं असेल तर सरळ सांग ना."

मला काय लागलं असेल ते! मी म्हटलं, "मर मग." हो. असंच म्हटलं. आणि घरी येऊन उशीत तोंड घालून बसले.

मग वासूकाकांकडे गेले. म्हटलं, काका, तुम्ही अध्यक्ष आहात, या वर्षी बदली खेळाडू ठेवा, नाहीतर सामना रद्द करा. काका ओसरीत बसले होते. मग म्हणाले, "समितीत बोललो मी. सगळे हसले. म्हणे काकाले आता कम्प्युटरचं भूत लागलं. त्या पोट्ट्याले पण बोललो. तो म्हणते, काका, तुमी सांगता का आजोबा कमजोर होते म्हणून? काय सांगू त्याले?" मी रडायला लागले तर म्हणाले, "तू खेळून राहिली ना त्याच्या संगं? मग त्याच्यावर नजर ठेव. बाकी मी पाहतो." काय पाहणार होते देव जाणे. मला वाटलं, म्हातारा माणूस, समजूत काढतोय.

संक्रांत आली. थंडी, आकाशभर पतंग, पायऱ्या गच्च. वासूकाका सगळ्यात खालच्या पायरीवर, मांडीवर एक मोठी कापडी पिशवी घट्ट धरून. मला वाटलं तिळगूळ असेल.

तुम्हाला सांगते, मी तो सामना खेळलेच नाही. मी निनादकडे बघत होते. माझ्या हातून चेंडू सुटायचा, ओजस शिव्या द्यायचा, मला ऐकूच यायचं नाही. निनाद मात्र पेटला होता. सगळ्यांना दाखवायचं होतं ना त्याला! आजोबांसारखा हवेत लटकत होता. पायऱ्यांवरून "बाळाभाऊ! बाळाभाऊ!" असा घोष सुरू झाला. म्हटलं, नका रे, ते नाव नका घेऊ.

मध्यंतराला पाणी देताना म्हटलं, "सॉरी. मर म्हटलं त्याबद्दल." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पास नीट दे, तेवढं पुरे."

तिसरा क्वार्टर. काही नाही. खरंच काही नाही! मला हसू यायला लागलं, येडी मी, बग होता, बगच होता. चौथा सुरू झाला. निनाद पळत आला आणि त्याचं पहिलं पाऊल आखूड पडलं. कोणाला दिसलं नसेल. मी भोपळ्याला किती वेळा पाहिलं होतं! मला ते पाऊल पाठ होतं. मग थांबल्यावर खांदे. वर, खाली, वर, खाली, थांबेचनात. मी ओरडले, "निनाद, बस!" तो ओरडला, "चूप!"

चेंडू माझ्याकडे आला. तो पासासाठी कडुनिंबाच्या कोपऱ्याकडे निघाला होता. हात वर केला, दे म्हणून. आणि मग त्याची नजर खाली गेली. बुटाकडे.

त्याच्या बुटाला नाडी नाही रे.

मी काय केलं माहिती आहे? चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि भिंतीपलीकडे रस्त्यावर भिरकावला. आणि कोर्टाच्या मधोमध मांडी घालून बसले. एवढंच सुचलं. चेंडू नाही, खेळाडू बसला, तर सामना थांबेल आणि तो पळणार नाही. मग पायऱ्या उसळल्या. "बसली रे बसलीऽऽ! जुई बसली!" शिट्ट्या, हशा, ओजस माझ्या अंगावर धावून आला, "डोकं फिरलं का बे तुझं?" आणि मी फक्त बोट दाखवत होते. तिकडे बघा. अरे तिकडे बघा ना!

निनादनं डावा गुडघा टेकला. उजवा हात बुटाकडे गेला. बोटं हलली, खरंच हलली, काहीतरी शोधत असल्यासारखी. आणि तो कुशीवर पडला.

लोक अजून "बसली रे" ओरडत होते.

सगळ्यात आधी कोण पोचलं असेल? वासूकाका. गुडघे गेलेला माणूस! पिशवी फाडली त्यांनी. आत तिळगूळ नव्हता. मेट्रो स्टेशनवर भिंतीला टांगलेला असतो ना तो डबा, हृदयाला झटका द्यायचा? तो होता. सकाळी तिथल्या मॅनेजरशी भांडून, स्वतःचं आधार कार्ड तिथे गहाण ठेवून आणलेला. काकांना पट्ट्यांवरचा कागद सोलता येईना, मग त्या मलाच लावाव्या लागल्या. डबा मराठीत बोलत होता. रुग्णाला स्पर्श करू नका. मी तर त्याचा हात धरला होता. काकांनी माझा हात ओढून काढला. "सोड पोरी! या वेळी ऐक मशीनचं!"

पहिल्या झटक्याला काही नाही झालं. मी त्याची छाती दाबत होते, मोजत होते, मोजणं चुकत होतं. वर आकाशात कोणाचा तरी पतंग कटला आणि दूर गच्चीवर लोक ओरडले, काट्टेऽऽ! तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दुसरा झटका. मग त्यानं श्वास घेतला. फाटक्या पिशवीसारखा. पण घेतला.

आहे. जिवंत आहे. रडता काय? सांगितलं ना आहे म्हणून. छातीत एक छोटं यंत्र बसवलंय. हृदयाची भिंत जाड निघाली, अगदी तीच. त्याच्या बाबांचं पण तपासलं, तेच निघालं. आजीनं त्यांना खेळू दिलं नाही म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाल्या, पळत राहिला असता तर डबा असूनही कठीण होतं. आणि बास्केटबॉल बंद. कायमचं.

तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. थँक्यू नाही, काही नाही. मी घरी गेले की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मला समजायचं. मी त्याला वाचवलं आणि त्याच्याकडून तेवढं एक घेतलं, जे तो होता.

मग उन्हाळ्यात एकदा स्वतःच आला आमच्याकडे. वाळला होता. म्हणाला, "तुझ्या त्या मशीनमध्ये हृदय बदलता येतं?"

येतं. एका रेघेवर बोट सरकवायचं, बस.

"आजोबांना चांगलं हृदय घाल. एकदा बघू दे."

लावलं. दोघंच होतो. बाळाभाऊ गुलाबातून बाहेर पडल्यासारखे उडाले, तसेच, हवेत लटकून. मध्यंतर झालं. तिसरा क्वार्टर अर्धा झाला. बाळाभाऊ कडुनिंबाच्या कोपऱ्याकडे धावले आणि निनादनं माझं मनगट इतकं आवळलं की नंतर तिथे वळ उठले. मी डोळे मिटले. मला बघवेना. मग तो कुजबुजला, "गेले. जुई, पुढे गेले ते." डोळे उघडले तर बाळाभाऊ पलीकडच्या बास्केटखाली होते. चौथा क्वार्टर संपेपर्यंत खेळले. दमले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले, पण वाकले नाहीत.

निनाद खूप रडला. मी पण. वाटलं, चला, संपलं, बरं झालं.

आणि तो डोळे पुसून म्हणाला, "आता मला टाक. चांगलं हृदय घालून."

मी त्याच्याकडे बघितलं. डोळे चमकत होते त्याचे. किती महिन्यांनी चमकले होते! आणि मला मघाच्या तिसऱ्या क्वार्टरपेक्षा जास्त भीती वाटली. कारण मला माहीत होतं, तो एकदा बघून थांबणार नाही. तिकडे स्क्रीनवर एक निनाद रोज पळेल, रोज उडेल, कधीच थकणार नाही. आणि इकडे हा, खुर्चीत, हातात न सोललेलं संत्रं घेऊन त्याच्याकडे बघत बसेल. कुठला निनाद खरा, हे ह्यालाच आठवेनासं होईल.

म्हटलं, "लॅपटॉपचं चार्जिंग संपलंय."

चार्जर समोर लावलेला होता. लाइट लागलेला. त्यानं बघितला.

अजून रोज फोन करतो. इथे पुण्याला आल्यापासून पण. आधी इकडचं तिकडचं, वासूकाकांनी बदली खेळाडूंचा नियम आणला, या संक्रांतीला पोहे मीच वाढायचे आहेत, ओजस माझ्या हातचे खायला आत्तापासून घाबरतो, असं. आणि ठेवताना हळूच विचारतो, "चार्ज झाला का गं?"

मी म्हणते, नाही रे. अजून नाही.